इटालियन भाषेचे दोन इतिहास

इटलीतला एखादा सुशिक्षित वाचक आज दान्तेच्या महाकाव्याचे पान उघडतो, तेव्हा त्याला अधूनमधून तळटीपांचा आधार घ्यावा लागतो. पण सातशे वर्षांपूर्वीचा तो मजकूर त्याला परका वाटत नाही. त्याच काळातले फ्रेंच किंवा इंग्लिश लिखाण मात्र त्या त्या देशातल्या सामान्य वाचकाला आधुनिक रूपांतराशिवाय नीटसे उमगत नाही. यावरून इटालियन ही मुळातच फार स्थिर भाषा असावी असा समज होतो. वस्तुस्थिती जरा निराळी आहे. इटलीत बोलल्या जाणाऱ्या भाषा इतर कोणत्याही भाषांप्रमाणे बदलतच होत्या. परंतु ज्या भाषेला आपण इटालियन म्हणतो ती कित्येक शतके बहुसंख्य इटालियन लोक बोलतच नव्हते. ती लिहिली जात होती, छापली जात होती, जाणकार मंडळी तिच्या शुद्धाशुद्धतेवर वाद घालत होती, आणि रोजच्या बोलण्यात नसल्यामुळे ती फारशी झिजतही नव्हती.

म्हणून या भाषेच्या इतिहासाचा अभ्यास करताना दोन प्रश्न पहिल्यापासून वेगळे ठेवावे लागतात. लॅटिनमधून इटलीतल्या निरनिराळ्या लोकभाषा कशा घडत गेल्या, हा पहिला प्रश्न. आणि त्या अनेक भाषांपैकी एकीलाच साऱ्या देशाची प्रमाणभाषा म्हणून कोणी, केव्हा आणि कशाच्या बळावर निवडले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांत सापडते, तर दुसऱ्याचे छापखान्यांत, अकादमीत, शाळेत आणि शेवटी टीव्हीच्या पडद्यावर. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की सगळाच गोंधळ होतो, आणि माझ्या मते इटालियनविषयीचे बहुतेक गैरसमज याच मिसळणीतून आलेले आहेत.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. शाळेत शिकवली जाणारी लॅटिन म्हणजे सिसेरो आणि व्हर्जिल यांची लिखित भाषा. बाजारात, शेतावर आणि सैन्याच्या तळावर बोलली जाणारी लॅटिन तिच्यापासून बरीच आधीपासून दूर जाऊ लागली होती. याचा एक गमतीदार पुरावा व्याकरणाच्या एका जुन्या हस्तलिखिताच्या शेवटी जोडलेल्या यादीत मिळतो. 'आपेन्दिक्स प्रोबी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या यादीत सव्वादोनशेच्या आसपास शब्दांची 'असे म्हणा, तसे नको' अशा धर्तीवर दुरुस्ती केलेली आहे: आरशाला 'स्पेकुलुम' म्हणा, 'स्पेक्लुम' नको, म्हाताऱ्याला 'वेतुलुस' म्हणा, 'वेक्लुस' नको, गरम वस्तूला 'कालिदा' म्हणा, 'काल्दा' नको. यादी करणाऱ्या गुरुजींचा हेतू चुका थांबवण्याचा होता, पण काळाने कौल दिला तो चुकांच्या बाजूने. आजच्या इटालियनमध्ये आरसा म्हणजे 'स्पेक्क्यो', म्हातारा म्हणजे 'वेक्क्यो' आणि गरम म्हणजे 'काल्दो'. शुद्धलेखनाच्या तक्रारी जपून ठेवाव्यात त्या अशासाठी. लोक प्रत्यक्षात काय बोलत होते हे त्यांच्याइतके स्पष्टपणे दुसरे कोणी सांगत नाही.

हे बदल मनमानी नव्हते. लॅटिनमधील 'क्त' किंवा 'प्त' अशा जोडाक्षरांतला पहिला व्यंजनध्वनी दुसऱ्यासारखा होऊन त्याचे द्वित्त झाले: 'ऑक्तो' म्हणजे आठ, त्याचे 'ओत्तो', 'सेप्तेम' म्हणजे सात, त्याचे 'सेत्ते', रात्रीसाठीच्या 'नोक्तेम'चे 'नोत्ते'. मराठी वाचकाला ही चाल ओळखीची वाटेल, कारण संस्कृत 'सप्त'चे प्राकृतात 'सत्त' आणि 'अष्ट'चे 'अट्ठ' झाले ते याच प्रवृत्तीमुळे. मराठी तेथे थांबली नाही. द्वित्त काढून आधीचा स्वर दीर्घ करीत तिने 'सात' आणि 'आठ' ही रूपे घडवली. प्रमाण इटालियन द्वित्ताच्या पायरीवर थांबली, तर उत्तर इटलीतल्या लोकभाषांनी पुढचे पाऊल टाकले; व्हेनिसच्या भाषेत सात म्हणजे 'सेते' आणि आठ म्हणजे 'ओतो'. येथे एक सावधगिरी हवी. 'सप्त' आणि 'सेप्तेम' यांचे साम्य दोन्ही भाषांच्या समान पूर्वजामुळे आहे. द्वित्त होण्याचे साम्य मात्र दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडलेले आहे.

पहिल्या प्रकारच्या साम्याची अगदी जुनी नोंद एका इटालियन माणसाने भारतात राहून केली होती, हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी १५८३ मध्ये कोचीनला पोहोचला आणि १५८८ मध्ये गोव्यात वारला. घरच्या मित्रांना लिहिलेल्या पत्रांत त्याने संस्कृतविषयी लिहिताना नमूद केले की आपल्या भाषेतले कित्येक शब्द या भाषेत आढळतात. त्याने दिलेल्या उदाहरणांत सहा, सात, आठ, नऊ हे अंक, देवासाठीचा 'दिओ' आणि सापासाठीचा 'सेर्पे' हे शब्द होते. विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याविषयी केलेले प्रसिद्ध विधान त्यानंतर दोनशे वर्षांनी आले. सास्सेत्तीने कारणमीमांसा केली नाही. पण त्याच्या कानाला जे जाणवले ते बरोबर होते.

ध्वनींबरोबर व्याकरणाचाही सांगाडा बदलला. लॅटिनमधील नामांच्या विभक्ती शब्दांच्या शेवटच्या अक्षरांवर उभ्या होत्या. ती अक्षरे उच्चारात पुसट झाली तशा विभक्तीही गेल्या, आणि त्यांचे काम शब्दक्रम व शब्दयोगी अव्ययांकडे आले. 'तो' या अर्थाच्या 'इल्ले' या दर्शक सर्वनामापासून 'इल', 'लो', 'ला' ही इंग्लिशमधल्या 'द'सारखी, नामाआधी येणारी उपपदे तयार झाली, जी लॅटिनमध्ये नव्हतीच. भविष्यकाळाची जुनी रूपे सोडून लोक 'कान्तारे हाबेओ', म्हणजे जवळजवळ आपल्या 'गायचे आहे' सारखे, बोलू लागले आणि त्याचे आकुंचन होऊन 'कान्तेरो', म्हणजे 'गाईन', हे आजचे रूप मिळाले. नपुंसकलिंग गेले, पण जाताना काही विचित्र खुणा मागे ठेवून गेले: अंडे एकवचनात पुल्लिंगी 'उओवो' असते आणि अनेकवचनात स्त्रीलिंगी 'उओवा' होते. इटालियन शिकणाऱ्या माणसाला हा अपवाद निरर्थक वाटतो. लॅटिनची नपुंसकलिंगी अनेकवचने आकारान्त असत आणि तो आकार पुढे स्त्रीलिंगाचा समजला गेला, हे कळले की त्याचा उलगडा होतो.

हे बदल सगळीकडे एकाच तऱ्हेने झाले नाहीत. ला स्पेत्सिया आणि रिमिनी या दोन गावांना जोडणारी एक काल्पनिक रेषा भाषाशास्त्रज्ञ काढतात. तिच्या उत्तरेला व्यंजनांची द्वित्ते मोडली आणि अनेक ठिकाणी शब्दान्तीचे स्वरही गळाले, म्हणून मांजरासाठीच्या 'गात्तो'चे मिलानमध्ये 'गात' झाले. दक्षिणेला 'न्द'चे 'न्न' झाले आणि 'केव्हा' या अर्थाचा 'क्वान्दो' तिकडे 'क्वान्नो' झाला. सार्डिनिया बेटाच्या बऱ्याच भागात तर शंभर म्हणजे 'केन्तु'. तेथे 'ए' आणि 'इ' या स्वरांपूर्वीचा लॅटिनचा कठोर 'क' दोन हजार वर्षे टिकून राहिला आहे, जो इटलीच्या मुख्य भूमीवर 'च' होऊन गेला. या लोकभाषांना इटलीत 'दियालेत्तो' म्हणजे बोली म्हणतात, परंतु त्या इटालियनच्या बोली नव्हेत. त्या इटालियनपासून बिघडून झालेल्या नाहीत. त्या आणि इटालियन या सगळ्या लॅटिनच्याच लेकी आहेत. मागाहून त्यांतल्या एकीला मोठा मान मिळाला, एवढाच काय तो फरक.

लोकांना आपण लॅटिन बोलत नाही, काही वेगळेच बोलतो आहोत, याची जाणीव कधी झाली? व्हेरोना येथील एका हस्तलिखिताच्या मोकळ्या जागेत इ. स. ८०० च्या सुमारास कोणीतरी चार ओळींचे एक कोडे लिहून ठेवले आहे, जे १९२४ मध्ये उजेडात आले. त्यात बैल पुढे हाकले जातात, पांढरे शेत नांगरले जाते, पांढरा नांगर धरलेला असतो आणि काळे बी पेरले जाते. उत्तर अर्थातच लिहिणारा लेखनिक, त्याची बोटे, चर्मपत्र, पिसाची लेखणी आणि शाई. ही भाषा बिघडलेली लॅटिन म्हणावी की उगवती लोकभाषा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही, आणि ते होण्याचे कारणही नाही, कारण लिहिणाऱ्यालाच तसा भेद करायचा होता असे दिसत नाही.

असा भेद जाणूनबुजून केलेला पहिला कागद हा जमिनीच्या वादाचा आहे. इ. स. ९६० चा मार्च महिना, नेपल्सजवळचे कापुआ, समोर आरेकीसी नावाचा न्यायाधीश. मोन्तेकास्सीनोचा प्रसिद्ध बेनेडिक्टिन मठ ८८३ मध्ये अरब हल्लेखोरांनी उद्ध्वस्त केला होता, भिक्षू कित्येक दशके दुसरीकडे राहिले होते, आणि ते परत आल्यावर मठाच्या जमिनींवर रोदेलग्रिमो नावाच्या माणसाने हक्क सांगितला होता. तीस वर्षांच्या वहिवाटीने जमीन मठाची ठरते, असा मठाचा दावा होता. मठाच्या बाजूचे तीन साक्षीदार एकेक करून पुढे आले. प्रत्येकाने सीमांचे वर्णन असलेला कागद एका हातात धरला, दुसऱ्या हाताने त्याला स्पर्श केला आणि तेच एक वाक्य उच्चारले: 'साओ को केल्ले तेर्रे, पेर केल्ले फीनी क्वे की कोन्तेने, त्रेन्ता आन्नी ले पोस्सेत्ते पार्ते सांक्ती बेनेदिक्ती.' म्हणजे, 'मला ठाऊक आहे की त्या जमिनी, इथे नमूद केलेल्या त्या सीमांच्या आतल्या, तीस वर्षे संत बेनेडिक्टच्या पक्षाने ताब्यात ठेवल्या.'

सबंध निवाडा लॅटिनमध्ये आहे. फक्त साक्षीचे हे वाक्य लोकभाषेत. कोर्टात हजर असलेल्या, लॅटिन न जाणणाऱ्या लोकांनाही साक्ष समजावी आणि पुढे कोणी पुन्हा हक्क सांगायला उठू नये, हा त्यामागचा हेतू असावा असे मानले जाते. वाक्य बारकाईने पाहिले तर लॅटिनपासून किती अंतर पडले होते ते दिसते. 'मला ठाऊक आहे' यासाठी लॅटिनचा 'स्कियो' नाही. 'केल्ले तेर्रे' या शब्दांवर कर्माची विभक्ती नाही. मुख्य म्हणजे, जमिनींचा उल्लेख आधी करून क्रियापदापूर्वी 'ले', म्हणजे 'त्यांना', असे सर्वनाम पुन्हा घातले आहे. विषय आधी मांडून मग सर्वनामाने तो पकडण्याची ही बोलण्यातली लकब शाळेतल्या व्याकरणाने पुढे शतकानुशतके चुकीची ठरवली आणि लोकांनी कधी सोडली नाही. शेवटचे 'सांक्ती बेनेदिक्ती' मात्र शुद्ध लॅटिन षष्ठी आहे, कारण मठाचे नाव कागदोपत्री होते तसेच घेतले गेले. शिवाय या वाक्याला इटालियनचा जन्मदाखला म्हणण्याची प्रथा असली, तरी आजची इटालियन या भागातल्या भाषेपासून आलेलीच नाही. म्हणजे येथेही आपले दोन प्रश्न वेगळेच आहेत.

लोकभाषेत साहित्य म्हणावे असे काव्य तेराव्या शतकात प्रथम बहरले ते दक्षिणेत, सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्या दरबारात. त्याच्या पदरी असलेले कवी सिसिलीच्या भाषेत प्रेमकविता लिहीत. सुनीत हा काव्यप्रकारही याच मंडळींपैकी जाकोमो दा लेन्तीनी याच्या नावावर जमा आहे. गंमत अशी की या कविता आज आपल्याला बहुतांशी सिसिलियन भाषेत मिळत नाहीत. त्यांच्या नकला तोस्काना, म्हणजे फ्लॉरेन्स ज्यात येते त्या प्रांतातल्या लेखनिकांनी केल्या आणि नकलता नकलता शब्दांची रूपे आपल्या वळणावर नेली. हे कसे कळले? यमकांवरून. सिसिलियन भाषेत 'असणे' म्हणजे 'अवीरी' आणि 'सेवा करणे' म्हणजे 'सेरवीरी', आणि त्यांचे यमक अचूक जुळते. तोस्कान रूपांत तेच शब्द 'अवेरे' आणि 'सेरवीरे' होतात आणि यमक मोडते. यमकाच्या बाबतीत एरवी काटेकोर असणारे कवी ठरावीक स्वरांपाशीच वारंवार चुकताना दिसतात, तेव्हा चूक कवीची नसून नक्कल करणाराची आहे हे उघड होते. इतकेच नव्हे, तर पुढच्या पिढीतल्या तोस्कान कवींनी या मोडक्या नकलाच आदर्श मानल्या आणि अशी अर्धवट यमके आपणही वापरली. त्यांना आजही 'सिसिलियन यमक' असेच नाव आहे. भाषेतिहासाचा अभ्यास कसा चालतो हे एखाद्याला दाखवायचे असेल तर मी हेच उदाहरण निवडीन.

दान्ते आलिगिएरी (१२६५–१३२१) याला इटालियन भाषेचा जनक म्हटले जाते, पण १३०३ ते १३०५ च्या सुमारास लोकभाषेच्या गौरवार्थ लिहिलेल्या, आणि तरीही लॅटिनमध्येच लिहिलेल्या, ग्रंथात त्याने इटलीतल्या चौदा लोकभाषा एकेक करून तपासल्या आणि त्यांतली एकही थोर साहित्याला पुरी पडत नाही असा निर्वाळा दिला. आपली भाषा सर्वश्रेष्ठ समजणाऱ्या तोस्कान लोकांना तर त्याने चांगलेच फटकारले. त्याला हवी होती ती सर्व प्रदेशांना समान अशी एक उदात्त भाषा. प्रत्यक्षात महाकाव्य लिहायला बसल्यावर त्याने भरभरून वापरली ती मात्र फ्लॉरेन्सची भाषा, आणि आजच्या इटालियनच्या मूलभूत शब्दसंग्रहाचा मोठा भाग त्या काव्यात आधीच सापडतो. त्याच्या काव्याची आठशेच्या आसपास हस्तलिखिते आज उपलब्ध आहेत. त्याच्यामागून पेत्रार्काच्या कविता आणि बोकाच्चोच्या गद्य कथा आल्या, आणि एकाच शहराच्या भाषेत एका शतकाच्या आत तीन असे लेखक झाले की त्यांच्या तोलाचे दुसरीकडे कोणी नव्हते. फ्लॉरेन्सच्या सावकारांचा आणि १२५२ पासून पाडल्या जाणाऱ्या फ्लोरिन या सोन्याच्या नाण्याचा युरोपभर संचार होता, याचीही मदत झाली. शिवाय फ्लॉरेन्सची भाषा ध्वनींच्या बाबतीत लॅटिनला बरीच जवळ राहिलेली होती, त्यामुळे लॅटिन शिकलेल्या कोणालाही ती परकी वाटत नसे.

तरीही येथवर काहीच ठरलेले नव्हते. ठरले ते सोळाव्या शतकात, आणि ते ठरवणारा माणूस फ्लॉरेन्सचा नव्हता. प्येत्रो बेम्बो हा व्हेनिसचा. तोस्काना, व्हेनिस, मिलान, नेपल्स, पोपचे राज्य अशा तुकड्यांत विभागलेल्या देशात सगळ्यांना चालेल अशी लेखनभाषा कोणती, यावर तेव्हा जोरदार वाद चालू होता. इटलीत त्याला 'भाषेचा प्रश्न' असेच म्हणतात. दरबारांत वावरणाऱ्या सुसंस्कृत लोकांची मिश्र भाषा घ्यावी, असे कास्तिल्योनेसारख्यांचे मत होते. फ्लॉरेन्सच्या कित्येकांना आपली त्या काळची जिवंत बोली प्रमाण व्हावी असे वाटत होते. बेम्बोने १५२५ मध्ये व्हेनिसला प्रसिद्ध केलेल्या संवादरूप ग्रंथात तिसराच मार्ग सांगितला: काव्यासाठी पेत्रार्का आणि गद्यासाठी बोकाच्चो यांची भाषा, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीची फ्लॉरेन्सची भाषा, आदर्श मानावी. लेखक केवळ समकालीनांसाठी लिहीत नाही, पुढच्या पिढ्यांसाठीही लिहितो, म्हणून लॅटिनमध्ये लिहिणारे जसे सिसेरोकडे पाहतात तसे आपण या दोघांकडे पाहावे, असा त्याचा युक्तिवाद होता. दान्तेला त्याने थोडे खालचे आसन दिले, कारण दान्ते खरखरीत आणि ग्राम्य शब्दही बेधडक वापरतो. फ्लॉरेन्समध्ये जन्मणे हे फ्लॉरेन्सची भाषा उत्तम लिहिण्यास फारसे उपयोगी नाही, असेही त्याने सुचवले. त्यावर फ्लॉरेन्सच्या मंडळींना काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

या निर्णयाचा परिणाम एका स्वरावर दाखवता येईल. चौदाव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये पुल्लिंगी उपपद 'इल' होते. पंधराव्या शतकात त्याच शहरात लोक 'एल' म्हणू लागले, आणि माकियाव्हेल्लीच्या लिखाणातही 'एल' दिसते. आज सर्व इटली 'इल' लिहिते आणि बोलते, कारण बेम्बोने जुने रूप प्रमाण मानले. तसेच 'मी प्रेम करीत असे' यासाठी जुने रूप 'इओ आमावा' होते, जे तृतीयपुरुषी रूपाशी हुबेहूब जुळत असे. वर्तमानकाळातल्या 'आमो'च्या धर्तीवर फ्लॉरेन्सच्या लोकांनी 'इओ आमावो' असे वेगळे रूप बोलण्यात रूढ केले होते. बेम्बोच्या भाषेत 'आमावा'च राहिले, आणि पुढची तीनशे वर्षे लिहिणारे बहुतेक तेच गिरवीत आले.

बेम्बोचा पक्ष जिंकला याचे श्रेय केवळ युक्तिवादाला देता येणार नाही. व्हेनिस ही छपाईची राजधानी होती. आल्दो मानुत्सियो या तेथील नामवंत प्रकाशकासाठी बेम्बोनेच १५०१ मध्ये पेत्रार्काच्या कवितांची आवृत्ती सिद्ध केली होती. देशभर पुस्तके विकायची तर शब्दांची रूपे एकसारखी हवीत, आणि बेम्बोची पद्धत पुस्तकातून शिकता येत असे. त्यासाठी फ्लॉरेन्सला जाऊन राहण्याची गरज नव्हती. फेर्रारा येथील कवी आरिओस्तोने आपले दीर्घकाव्य १५१६ मध्ये छापले होते, तेच त्याने १५३२ च्या आवृत्तीसाठी बेम्बोच्या नियमांनुसार ओळीओळींतून सुधारून घेतले. असा कवी आपणहून आपली भाषा दुरुस्त करतो, तेव्हा वाद संपल्यातच जमा असतो.

पुढे फ्लॉरेन्सने भाषेची राखण आपल्या हाती घेतली. १५८३ च्या सुमारास तेथे स्थापन झालेल्या 'आकादेमिया देल्ला क्रुस्का' या संस्थेच्या नावातला 'क्रुस्का' म्हणजे कोंडा. पीठ चाळून कोंडा टाकावा तसे भाषेचे करायचे, हा विनोद तिने फार गांभीर्याने पाळला. संस्थेचे बोधचिन्ह पीठ चाळण्याचे यंत्र आहे. तिचा शब्दकोश १६१२ मध्ये, आणि तोही व्हेनिसमध्ये छापून, प्रसिद्ध झाला. त्यात नोंदी घेण्यासाठी मुख्य आधार चौदाव्या शतकातल्या फ्लॉरेन्सच्या लेखकांचा होता, आणि तास्सोसारख्या मोठ्या पण अलीकडच्या कवीला पहिल्या आवृत्तीत स्थान नव्हते. ते मिळायला १६९१ ची तिसरी आवृत्ती यावी लागली. हा शब्दकोश संकुचित होता असे आज सहज म्हणता येते, पण एका जिवंत भाषेचे शब्द लेखकांच्या उताऱ्यांसह इतक्या पद्धतशीरपणे मांडण्याचे काम युरोपात त्यापूर्वी झालेले नव्हते, आणि फ्रेंच अकादमीनेही त्याकडे पाहूनच आपला कोश रचायला घेतला. विज्ञानाच्या क्षेत्रात गॅलिलिओने १६३२ चा आपला प्रसिद्ध संवादग्रंथ लॅटिनऐवजी इटालियनमध्ये लिहिला, ही त्या शतकातली दुसरी मोठी घटना.

यानंतरचा मोठा धक्का एका कादंबरीने दिला. आलेस्सान्द्रो मान्झोनी मिलानचा. घरात आणि मित्रांत मिलानची भाषा, पत्रव्यवहारात अनेकदा फ्रेंच, आणि इटालियन मुख्यतः पुस्तकांतली. काव्यासाठी ती पुरेशी होती, पण साध्या माणसांचे बोलणे कादंबरीत आणायचे म्हटल्यावर त्याला जाणवले की स्वयंपाकघरातल्या, शेतातल्या, भांडणातल्या कितीतरी गोष्टींसाठी आपल्याजवळ सर्वमान्य इटालियन शब्दच नाही. १८२७ मध्ये कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर तो फ्लॉरेन्सला जाऊन राहिला, तेथल्या सुशिक्षितांच्या चालू बोलण्याचा त्याने अभ्यास केला आणि सबंध पुस्तक त्या कसोटीवर पुन्हा लिहिले. ही सुधारित आवृत्ती १८४० ते १८४२ या काळात निघाली. तिच्यात 'इओ आवेवा'चे 'इओ आवेवो' झाले, म्हणजे बेम्बोने अडवून धरलेला तो 'ओ' अखेर छापील पानावर आला. 'तो' यासाठी ठिकठिकाणी पुस्तकी 'एल्यी' जाऊन बोलण्यातले 'लुई' आले. या खटाटोपाला 'आर्नो नदीत कपडे खळबळून घेणे' असे म्हणतात, कारण आर्नो फ्लॉरेन्समधून वाहते. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचणे हा इटालियन भाषेचा उत्तम धडा आहे.

१८६१ मध्ये इटली एक राष्ट्र झाले, आणि १८६८ मध्ये मान्झोनीने शिक्षणमंत्र्यांना अहवाल देऊन सुचवले की फ्लॉरेन्सची आजची बोली साऱ्या देशाची भाषा करावी, तिचा कोश करावा आणि तोस्कानातले शिक्षक ठिकठिकाणी पाठवावेत. १८७३ मध्ये भाषाशास्त्रज्ञ ग्राद्झियादियो आस्कोलीने याला उत्तर दिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की भाषेची एकता शहर नेमून देऊन येत नाही. ज्ञानाची देवघेव वाढली, शिकलेल्यांची संख्या वाढली की ती आपोआप येते, आणि राजकीय केंद्र नसलेल्या जर्मनीने हे करून दाखवले आहे. मला आस्कोलीचे म्हणणे अधिक पटते, आणि पुढच्या शंभर वर्षांनीही त्याचीच बाजू उचलून धरली.

कारण आकडे विदारक होते. १८६१ मध्ये देशातले सुमारे तीन चतुर्थांश लोक निरक्षर होते. तुल्लिओ दे माउरो याने १९६३ मध्ये हिशेब मांडला: तोस्काना आणि रोम येथील साक्षर लोक, आणि इतरत्र प्राथमिक शाळेच्या पुढे शिकलेले लोक, यांनाच इटालियन खऱ्या अर्थाने येत असणार, ती संख्या अडीच कोटींच्या देशात सहा लाखांच्या आसपास, म्हणजे २.५ टक्के भरते. आर्रिगो कास्तेल्लानी याने १९८२ मध्ये आक्षेप घेतला की तोस्काना आणि मध्य इटलीतल्या निरक्षरांची बोलीही इटालियनला इतकी जवळ होती की त्यांना वगळणे योग्य नाही. त्याचा आकडा १० टक्क्यांच्या जवळ जातो. कोणाचेही मानले तरी दहांपैकी निदान नऊ जणांना स्वतःच्या देशाची भाषा शिकावी लागणार होती. नव्या राज्याचा राजा व्हित्तोरियो एमान्वेले दुसरा हासुद्धा पिएमोन्तेची बोली आणि फ्रेंच यांतच अधिक रमत असे.

त्यानंतर जे घडले ते व्याकरणकारांच्या हातून घडले नाही. १८७७ च्या कायद्याने ६ ते ९ वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची झाली. अमेरिकेत गेलेल्या लाखो लोकांना घरी पत्र लिहिण्यासाठी अक्षरांची गरज पडली. पहिल्या महायुद्धात सिसिलीचा शेतकरी आणि व्हेनेतोचा मजूर एकाच खंदकात आले. या काळातला एक अभ्यास विलक्षण आहे. ऑस्ट्रियाच्या युद्धकालीन टपाल तपासणीत काम करणाऱ्या लिओ स्पिट्झर या भाषाशास्त्रज्ञाने इटालियन युद्धकैद्यांची पत्रे वाचता वाचता त्यांच्या भाषेची टिपणे केली आणि ती १९२१ मध्ये प्रसिद्ध केली. उपासमार होते आहे हे तपासनिसाला कळू न देता घरच्यांना कसे कळवावे, यासाठी कैद्यांनी शोधलेल्या वाक्प्रयोगांचा त्याने खास अभ्यास केला होता. कधी फारसे न लिहिलेली माणसे प्रथमच इटालियन लिहीत होती, आणि तो क्षण तपासनिसाच्या टेबलावर टिपला गेला. ३ जानेवारी १९५४ रोजी टीव्हीचे नियमित प्रक्षेपण सुरू झाले. १९६० ते १९६८ या काळात आल्बेर्तो मांत्सी या शिक्षकाने प्रौढ निरक्षरांना टीव्हीवरून अक्षरओळख करून दिली. १९६२ च्या कायद्याने चौदाव्या वर्षापर्यंत सर्वांसाठी एकच माध्यमिक शाळा आली. २०१५ च्या सरकारी पाहणीत घरात मुख्यतः इटालियन बोलणारे सुमारे ४६ टक्के, इटालियन आणि बोली दोन्ही बोलणारे ३२ टक्के आणि मुख्यतः बोली बोलणारे १४ टक्के आढळले.

पुस्तकातली भाषा अशी तोंडात आल्यावर ती पुन्हा हलू लागली. 'लुई' कर्त्याच्या जागी सर्रास आले, 'त्यांना' आणि 'त्याला' या दोन्हींसाठी 'ल्यी' हे एकच रूप बोलले जाऊ लागले. फ्रान्चेस्को साबातीनी याने १९८५ मध्ये या रूपांचा आढावा घेऊन दाखवले की त्यांतली बरीचशी नवी नाहीतच. जुन्या कागदपत्रांत ती सतत डोकावत आलेली आहेत, फक्त बेम्बोच्या चाळणीतून ती आत शिरली नव्हती. उच्चारांचे म्हणाल तर फ्लॉरेन्सचा वरचष्मा कधीच पूर्ण नव्हता. तेथे घराला 'कासा'ऐवजी 'ला हासा' असा हकारयुक्त उच्चार करतात, तो प्रमाणभाषेने मुळीच घेतला नाही. आणि 'आत्ता' म्हणायचे झाले तर उत्तरेला 'आदेस्सो', तोस्कानात 'ओरा' आणि रोमपासून दक्षिणेला 'मो' हे आजही कानावर पडते.

ज्यांना हा विषय स्वतः चाळून पाहायचा आहे त्यांनी थोडी लॅटिन शिकून घ्यावी. विभक्ती आणि क्रियापदांची मुख्य रूपे येत असली तरी पुरे. बृनो मिल्योरीनी याला १९३८ मध्ये फ्लॉरेन्सला या विषयाचे अध्यापनपद मिळाले. त्याचा भाषेतिहासाचा मोठा ग्रंथ १९६० मध्ये, म्हणजे कापुआच्या निवाड्याला हजार वर्षे झाली त्या साली, प्रसिद्ध झाला, आणि अजूनही तोच पाया मानला जातो. क्रुस्काच्या जुन्या शब्दकोशांच्या आवृत्त्या आता घरबसल्या इंटरनेटवर फुकट शोधता येतात, आणि सर्वांत जुन्या काळातल्या इटालियन लेखनाचा स्वतंत्र कोशही तसाच खुला आहे. लोकभाषांसाठी याबेर्ग आणि युड या दोन स्विस विद्वानांनी १९२८ ते १९४० या काळात प्रसिद्ध केलेला भाषानकाशांचा संग्रह पाहावा. चारशेच्या वर गावांत जाऊन विचारलेले शब्द त्यात नकाशावर जागच्या जागी लिहिलेले आहेत. पहिल्यांदा उघडाल तेव्हा अंकांचे नकाशे काढा, आणि 'सात'च्या नकाशावर द्वित्त कोणत्या गावांपाशी संपते ते बोट ठेवून पाहत जा.